शनिवारचे आकडे

सौंसरच्या बागेत देवकाबाईंची तीस वर्षं गेली. व्यापाऱ्यासमोर अंगठा खुपसून संत्रं फोडायचं आणि फोड त्याच्या हातावर ठेवायची, हे काम त्यांनी नवऱ्यालाही कधी करू दिलं नाही. साखरेचा आजार निघाल्यापासून स्वतः मात्र एकही फोड तोंडात घातली नव्हती. नेमकं हेच कुणाला पटत नव्हतं.

मुलगा मधुकर नागपूरला नोकरीत. त्याने परदेशातल्या मित्राकडून साखर मोजायचं यंत्र आणवलं होतं. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा की आकडा येई, आणि मागचे आकडे तारखेसकट आतच राहत. फेब्रुवारी संपता संपता त्याने येऊन बटण दाबलं.

"दोनशे साठ. दोनशे ऐंशी! माय, बागेत संत्री खाऊन राहिली ना तू?"

"तुह्या डोक्याची शपथ, नाही."

"मंग यंत्र खोटं बोलते काय? डॉक्टर इन्सुलिनच्या सुया सुरू करतो म्हणते. चाल नागपूरले. बाग ठेक्यानं देऊन टाकू."

बाग? देवकाबाईंनी यंत्र हिसकावलंच. सातवीपर्यंत शिकलेली बाई. आकडे काय एकट्या मधुकरलाच कळत होते? चष्मा लावून एकेका दुपारचा आकडा मागे मागे पाहत गेल्या. मध्येच थांबल्या.

"अकराले एकशे अडतीस. अठराले एकशे पंचेचाळीस. वार पाह्य."

"दोन्ही शनिवार."

"शनिवारी मी जामसांवलीच्या मारोतीले असते."

"म्हणजे मारोती साखर उतरवून राहिला?"

"चूप बैस!"

शनिवारी हात धुऊन दर्शन, मग घरी येऊन मोजणी. इतर दिवशी फळं फोडता फोडता, बांधावर बसूनच. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. रस वाळून चिकट झाला होता.

हात न धुता तसंच मोजलं: दोनशे एकाहत्तर. मग साबणाने हात धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. एकशे बेचाळीस.

मधुकर खजील झाला. "इतके दिवस संत्र्याचीच साखर मोजून राहिलो आपण!"

"आन मले चोर ठरवून राहिला होता."

"चुकलं, माय. डॉक्टरले दोन्ही आकडे सांगतो. धुतल्या हाताचा महिना पाहून मंग ठरवू."

"पाह्य खुशाल," देवकाबाई उठल्या. "विहिरीपाशी साबणाची वडी ठेव. व्यापारी येऊन राहिला, मले फळ फोडायचं आहे."