आईचं विमान आणि सोसायटीचे पॉइंट्स

आधीच बजावतो, हसलात तर पुढचं सांगणार नाही. चहा घ्या, खारी घ्या, पण माझ्याकडे असं बघू नका! लोकांच्या हातून गाढवपणा चुकून होतो. मी मात्र तो इंटरनेटवर शोधून, चार ठिकाणी तुलना करून, ऑफिसच्या वेळेत बसून निवडला.

त्याचं झालं असं. माझी आई वर्ध्याकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्त झाली आणि माझ्याकडे पुण्यात वाघोलीला राहायला आली. तिची आयुष्यभराची एकच इच्छा, बुद्धगयेला जायचं. आणि माझी एक फुशारकी, "आई, तुला विमानानं नेईन!"

बोलून गेलो हो! मुलगा आयटीत आहे म्हटल्यावर एवढं तर बोलावंच लागतं. पण फ्लॅटचा हप्ता गेला की विमान सोडा, विमानतळापर्यंतची रिक्षासुद्धा मला जड जायची. आईनं कधी आठवण करून दिली नाही. फक्त वरून विमान गेलं की गॅलरीत येऊन ते दिसेनासं होईपर्यंत बघायची. आमच्याकडे लोहगावचा विमानतळ जवळ, त्यामुळे ती दिवसातून बऱ्याच वेळा गॅलरीत असायची. आता सांगा, माझ्या जिवाला काय वाटत असेल?

अशात आमच्या टीममधला अभिषेक सिंगापूरला जाऊन आला. म्हणे फुकट!

"फुकट म्हणजे कसं?"

"पॉइंट्स, दादा! क्रेडिट कार्डानं खर्च करायचा, पॉइंट्स जमवायचे, तिकीट काढायचं."

"मग बँकेला काय मिळतं?"

"तू बँकेची काळजी कशाला करतोस?"

काळजी नाही, कुतूहल! मी भेळ संपल्यावर खालचा कागद वाचणारा माणूस. कोणतं कार्ड किराण्यावर जास्त पॉइंट्स देतं, कोणतं पेट्रोलवर काहीच देत नाही, कोणत्या विमान कंपनीचं आणि कोणत्या कार्डाचं जमतं, सगळं वाचून काढलं. एका कार्डावर परदेशात हॉटेल घेतलं तर तिप्पट पॉइंट्स होते. आम्ही शेजारच्या खराडीच्या पुढे जेवायला गेलो नव्हतो! बँकेत फोन करून मी इतके प्रश्न विचारले, की तिथल्या मुलीनं मला तिच्या साहेबाकडे दिलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "सर, आपण नक्की ग्राहकच आहात ना?"

असं पारखून, निरखून कार्ड घेतलं. घेतल्यावर लक्षात आलं, की पॉइंट्स मिळायला खर्च करावा लागतो. आता खर्च कुठून आणू? आईनं घरात वांगी संपल्याशिवाय दुसरी भाजी आणू दिली नाही कधी.

आणि नेमकी तेव्हाच सोसायटीच्या पंपाची मोटार जळली.

आमचे अध्यक्ष भोसले साहेब दुकानदाराला द्यायचा चेक शोधत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "साहेब, मी कार्डानं भरून टाकतो आत्ताच्या आत्ता. सोसायटीनं मला नंतर चेक द्यावा."

"अहो, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात!"

खरंच कसला त्रास? मोटार सोसायटीची, पैसे सोसायटीचे, आणि पॉइंट्स माझे! मग मला चटकच लागली. गच्चीवरची टाकी, कॅमेरे, जिन्याचा रंग, दिवाळीचं लायटिंग, सगळं मीच जाऊन आणायचो. लिफ्टमधून जरा खरखर आवाज आला की मला भरून यायचं. एकदा वॉचमन आनंदानं सांगत आला, की गेट आपोआप नीट झालं, तर मी त्या दिवशी जेवलो नाही.

फक्त एक दुःख होतं. वाघोलीतल्या सोसायटीचा मोठा खर्च म्हणजे टँकर. टँकरवाल्याला मी किती परीनं विचारलं!

"कार्ड घेता का हो?"

"त्ये काय चालत न्हाय साहेब. पाणी पायजे का नगं, त्येवढं सांगा."

तरी पॉइंट्स जमले. बऱ्याच महिन्यांनी एका शनिवारी स्क्रीनवर दिसलं, पुणे ते दिल्ली, दिल्ली ते गया, जाऊन-येऊन, दोन माणसं! आईला सांगितलं नाही. म्हटलं उद्या सोसायटीची वार्षिक सभा आहे, ती उरकली की तिकिटं काढू आणि तिच्या हातातच ठेवू.

तेव्हाच काढली असती तर? पण नाही. त्या रात्री मी खिडकीची सीट कोणत्या बाजूला घेतली म्हणजे काय दिसेल, ते वाचत बसलो.

सभा पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल. आईही आलेली, शेवटच्या रांगेत, कारण फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे आणि तिचं नाव पहिलं. हिशेबाचं वाचन झालं आणि भोसले साहेब अचानक माझ्याबद्दलच बोलायला लागले. "आजकाल स्वतःचं घर कोणी बघत नाही, आणि हा तरुण दुपारी उन्हात जाऊन टाकी आणतो! कशासाठी? निव्वळ सेवाभाव!" टाळ्या. माझ्या खांद्यावर शाल. मीही बेशरमासारखा मान झुकवून उभा. तेवढ्यात साहेब म्हणाले, "म्हणून नवीन सचिव म्हणून मी या मेश्रामांचं नाव सुचवतो!"

शाल एकदम गरम लागायला लागली. अहो, आमच्या सोसायटीचा सचिव म्हणजे काय, माहीत आहे का? टँकर कधीही येवो, तो उतरवून घ्यायचा, पावतीवर सही करायची, आणि एखाद्या विंगला पाणी कमी पडलं की शिव्या खायच्या. सचिवाला गावाबाहेर जाता येत नाही. आधीच्या सचिवांना पद सोडायला फ्लॅट विकावा लागला होता!

मग माझ्या आईला गयेला कोण नेणार? मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो.

"नको, नको! मी तसा निःस्वार्थी वगैरे नाही हो. माझाही त्यात फायदा झालाय. पॉइंट्स मिळाले ना!"

दुसऱ्या रांगेतून लिमये काका उठले. काका ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत, पण ते खात्याला माहीत, काकांना नाही.

"पॉइंट्स म्हणजे काय?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं लोक चिडतील आणि माझं नाव मागे घेतील. पण लोकांना तर माझ्यासारखंच कुतूहल!

"म्हणजे पैसे का?" एका काकूंनी विचारलं.

"पैसे नाहीत."

"मग वस्तू?"

"वस्तूही नाही."

"दिसतात का कुठे?"

"मोबाइलवर दिसतात."

"मग आपण भांडतोय कशावरून?"

"भांडत नाही आहोत. समजून घेतोय," लिमये काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "खर्च केला की मिळतात?"

"हो."

"खर्च कोणाचा?"

"सोसायटीचा."

"अस्सं. म्हणजे मोटार जळली आमची आणि विमानात बसणार तुम्ही?"

तुमच्याकडे आहे याचं उत्तर? मग!

काकांनी लगेच ठराव मांडला. सोसायटीच्या खर्चावर मिळालेले पॉइंट्स ही सोसायटीची मालमत्ता. "सूचक मी. अनुमोदक कोण?"

कोणी हलेना. मला धीर आला. लोक उपकार जाणतात, म्हटलं. एवढ्या उन्हात टाकी आणलीय मी! आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक हात वर झाला आणि वर्गात हजेरी घेणारा तो खणखणीत आवाज आला.

"अनुमोदन. सुशीला मेश्राम, सी विंग."

माझी आई! मी तिला डोळ्यांनी खुणा करायला लागलो, मान हलवली, शालीच्या आडून हात हलवला.

"काऊन रे, डोळे कायले मिचकावून राहिला?" आई सगळ्यांदेखत म्हणाली. "काही म्हणायचं असंन तर नीट बोल."

काय बोलणार? ठराव मंजूर. पण थांबा, अजून संपलं नाही! भोसले साहेबांना गहिवरून आलं. "बघा, कोणी विचारलंही नव्हतं, स्वतःहून सांगितलं यांनी! आणि आई तर त्यांच्याही वरताण! असा सचिव शोधून सापडेल का?" पुन्हा टाळ्या. मी बिनविरोध सचिव झालो.

घरी आल्यावर मी शाल कॉटवर फेकली. "आई, ते तुझं विमान होतं! तुलाच नेणार होतो त्यावर."

तिनं शाल उचलून घडी घातली. मग माझ्याजवळ येऊन बसली. "मले माहीत असतं ना बाबू, तरी हात वर केलाच असता," ती म्हणाली. "थोडा हळू केला असता, एवढंच."

मला रडू येईल असं वाटलं, पण खालून टँकरचा हॉर्न वाजला आणि मी सही करायला पळालो.

त्या पॉइंट्सचं सोसायटीनं काय केलं? पाण्याचा कूलर घेतला. ज्यात दोन माणसं गयेला जाऊन आली असती, त्यात एक कूलर! वस्तू घेतली की पॉइंट्सची किंमत पडते, हे मी सभेत समजावून सांगायला गेलो होतो. लिमये काका म्हणाले, "तुम्ही आता पॉइंट्सबद्दल न बोललेलं बरं." कूलर गेटपाशी आहे. टँकर आला तर त्यात पाणीही असतं.

आईची इच्छा मात्र पूर्ण झाली. सोसायटीतल्या महिला मंडळाची काशी, गया आणि बुद्धगया अशी सहल ठरली, रेल्वेनं. पुढाकार आईचाच! आम्हाला काशीशी काही देणंघेणं नाही, पण मैत्रिणींसाठी ती तिथेही जाणार होती. मी जाणं शक्यच नव्हतं, उन्हाळ्यात सचिव कुठे जातो?

एका संध्याकाळी आई माझ्यासमोर येऊन बसली. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला उत्साह.

"सगळ्या बायकांची तिकिटं तुझ्या कार्डावर काढून दे. पैसे मी जमवून आणले."

माझं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्या बायकांची तिकिटं, जाऊन-येऊन! यातून पुन्हा सुरुवात करता येईल, पुढच्या वर्षी तिला एकटीला का होईना, विमानात बसवता येईल. मी मोबाइलकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि आई, यावरचे पॉइंट्स…?"

"ते मंडळाचे. ठराव झाला काल."

"सूचक कोण?"

"मी," आई म्हणाली. "आणि हो, मंडळाचा खजिनदार तुलेच केलं. बिनविरोध."