एकट्याला उचलता येईल एवढंच

सिताराम कडव अंगचोर होता. हे नाव त्याला मी दिलं आणि कांदा-बटाटा मार्केटात ते सव्वीस वर्षं टिकलं.

आम्ही एकाच टोळीतले माथाडी. पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेण्याआधी हा गाळ्यात जाऊन ते कुठे उतरवायचं ते बघून यायचा. वाटेत टेकायला कट्टा कुठे आहे, फरशी ओली कुठे आहे, सगळं. तोवर आमच्या दोन खेपा झालेल्या असत. अठ्ठ्याण्णव साली एका दिवशी टोळीला दोन ट्रक लागले. पहिला रिकामा झाला आणि सिताराम थप्पीला टेकून बसला. म्हणाला, पाठ भरली, आता उचललं तर पडेन. त्याच्या वाटणीची चाळीस पोती मी वाहिली. दुसऱ्या दिवशी माझा उजवा गुडघा वाकेना. तो अजून नीट वाकत नाही. त्याची पाठ शाबूत आहे.

आता सगळे निवृत्त. दर रविवारी तुर्भ्याला मार्केटसमोरच्या टपरीवर जमतो. बाजीराव आमचा जुना मुकादम. वय पंचाहत्तर, पण शब्द अजून त्याचाच चालतो. गेल्या जानेवारीत सिताराम तिथे चहा फुंकत म्हणाला, "मी चार दिवस चालायला जाणार हाय. एकटाच."

"कुठं? नेरूळहून सीवूड्सला?" मी विचारलं. सगळे हसले.

"मुरूडहून श्रीवर्धन. किनाऱ्यानं."

"एकटा कशाला रं?" बाजीराव म्हणाला.

"टोळीत असलं की कुणीबी म्हणतंय, याचं ओझं मी वाहिलं. एकट्यानं चाललो तर कोण म्हणंल?" हे तो माझ्याकडे बघून बोलला.

"तो सपाट रस्ता आहे," मी म्हणालो. "दर दोन तासाला गाव. याला चालणं म्हणतात? डोंगरात जा."

"पहिल्यांदा जातोय गोट्या. नव्या गड्याला पहिल्या दिवशी दोन पोती देतो का आपण?"

 मी होडीचा मुद्दा काढला. "आगरदांड्याला खाडी आहे. होडीत बसलास म्हणजे गाडीत बसलास. चालणं मोडलं."

"मग काय पोहत जाऊ दे त्याला?" बाजीराव खेकसला. "होडी चालंल. बाकी चाक न्हाय. सित्या पोचला तर गोटीराम इथं उभा राहून नाव मागं घेणार. न्हाय पोचला तर सित्यानं या टपरीवर पाय ठेवायचा न्हाय. कबूल?"

मी लगेच हो म्हणालो. सितारामने कप खाली ठेवला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी प्राची सकाळी आठला कामाला जाते. नेरूळच्या फ्लॅटमध्ये दिवसभर त्याच्याशी बोलायला कोणी नसतं. रविवारची टपरी गेली तर त्याला काय उरणार, हे मला माहीत होतं. मी शब्द फिरवला नाही.

"कबूल," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी ताणकाटा घेऊन त्याच्या घरी गेलो. भिंतीवर एक कागद लावलेला. त्यावर रस्ता नव्हता, चार मुक्काम होते. दिघी, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन. प्रत्येकापुढे घरमालकाचा फोन आणि कोणत्या गावातून परतीची एसटी मिळते ते. कुठे उतरायचं ते आधी, चालायचं नंतर. सवय जात नाही.

"चार दिवसांचं चालणं आणि पाच दिवस धरलेस?"

"एक हातचा."

"म्हणजे बसायचा."

"लागला तर बसायचा."

महिनाभर त्याने नेरूळ ते तुर्भे चालत जाऊन परत, असे सलग दोन-दोन दिवस काढले होते. म्हणाला, पहिल्या दिवशी कोणाचेही पाय चालतात, दुसऱ्या दिवशी कळतं. हे खरं आहे.  मी पिशवी काट्याला लावली. साडेसहा किलो, पाण्यासकट.

"हे ओझं आहे की जेवणाचा डबा?"

त्याने पिशवी जमिनीवर ठेवली, खाली वाकला, एका हाताने उचलून पाठीवर घेतली. परत ठेवली, परत घेतली.

"माझं माप एवढंच," तो म्हणाला. "खाली ठेवलं तर एकट्याला उचलता आलं पाहिजे. तुझा पाय मुरगळला नव्हता, गोट्या. मला पहिल्यापासून ठाऊक हाय."

मी काटा उचलला आणि निघालो.

तो काय बोलला ते सांगायला हवं. या पैजेच्या आदल्या वर्षी मी खांडसहून भीमाशंकरला एकटा निघालो होतो. पाठीवर बावीस किलो. तांदूळ, पातेलं, दोर, घोंगडी. बावीस किलो माझ्या लेखी वजनच नाही. पण माथाडी ओझं स्वतः घेत नाही, दुसरा त्याला हात देतो. चाळीस वर्षांत मी पोतं एकट्याने डोक्यावर घेतलं नाही, कोणीच घेत नाही. खांडसला रिक्षावाल्याने पिशवी पाठीवर चढवून दिली. दीड तासाने दम लागला तेव्हा मी ती खाली ठेवली. मग ती उठेना. गुडघा वाकत नाही, चढावर पाय रोवता येत नाही, हात द्यायला माणूस नाही. कशीबशी दगडावर चढवून पाठीवर घेतली आणि ठरवलं, आता खाली ठेवायचीच नाही. दोन तास न थांबता चढलो आणि पडलो. लाकडं घेऊन उतरणाऱ्या दोन बायांनी मला खाली आणलं. एकीने माझी पिशवीही आणली, स्वतःच्या मोळीवर ठेवून. टपरीवर मी सांगितलं, पाय मुरगळला.

सिताराम सोमवारी निघाला. रोज चारच्या आत बाजीरावला फोन करायचा, असं ठरलं होतं. सोमवारी दिघी. मंगळवारी दिवेआगर. बुधवारी फोन आला, तोही दिवेआगरहूनच. टाचेला फोड आला म्हणून बसलाय.

मला आनंद झाला, हे लिहितो. हा आता टेम्पोत बसणार, अशी माझी खात्री होती. गुरुवारी पहाटे पनवेलहून एसटी पकडली, दिवेआगरजवळ बोर्लीला उतरून रिक्षा केली. शेखाडीच्या अलीकडे रस्ता समुद्राला लागून जातो. तिथे तो दिसला. कठड्यावर पिशवी, शेजारी हा, एक बूट काढलेला. मी रिक्षा वळणामागे थांबवली.

मासळीचा एक टेम्पो त्याच्यापाशी थांबला. ड्रायव्हरने दार उघडलं. "काका, बसा. ऊन वाढतंय."

"नको रे बाबा. एका माणसाला चाक बघायचंय माझ्याखाली."

टेम्पो गेला. सितारामने टाचेवर पट्टी बदलली, बूट घातला, पिशवी घेतली आणि लंगडत निघाला. वळणावर मी उभा.

"बघायला आलास?"

"पकडायला."

"मग बघितलंस का?"

"बघितलं." टाच दुखत होती, ते चालण्यातून कळत होतं. "चल, शेखाडीपर्यंत येतो मी बरोबर."

"अजिबात न्हाय," तो ओरडला. "उद्या तूच म्हणशील, दोघं व्हते, मी हात दिला. जा, रिक्षात बस!"

मी बसलो. त्याच्या जागी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर आला. मी आदल्या दिवशीच श्रीवर्धन गाठलं होतं, बाकावर बसलो होतो. त्याने पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायला, परत उचलली. मुद्दाम, मला दाखवायला. परतीच्या गाडीत आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो.

रविवारी टपरीवर बाजीरावने कप आपटला. "ऊठ गोट्या."

मी उठलो. "सिताराम कडव मुरूडहून श्रीवर्धनला एकटा चालत गेला. पाच दिवस लागले. चाकावर बसला नाही, मी डोळ्यांनी बघितलं. अंगचोर हे नाव मागे घेतो."

"झालं?"

"नाही. चाळीस पोती मागे घेत नाही."

"नको घेऊस," सिताराम म्हणाला. "मी बसलो व्हतो, ते खरं हाय. तूबी बसायचं व्हतंस. मुकादमानं दुसरी टोळी बोलावली असती. तुला कुणी सांगितलं व्हतं एकट्यानं वाहायला?"

बाजीरावने आणखी चहा सांगितला. मी खाली बसलो. चहा आला, प्यालो.

त्या संध्याकाळी मी भीमाशंकरची पिशवी काढली. दोर काढला, पातेलं काढलं, घोंगडी काढली. जमिनीवर ठेवली आणि डाव्या गुडघ्यावर जोर देऊन एकट्याने उचलली. दहा वेळा. मग काट्याला लावली.

सात किलो. त्याच्यापेक्षा अर्धा किलो जास्त. पुढच्या महिन्यात मुरूडला जातो आहे. होडीचं तिकीट काढीन.