मास्तरांनी ऐकलेलं चाक

शिरूरच्या गाडीचा कंडक्टर दौंडच्या स्टँडवर खिडकीतून डोकं काढून मला काहीतरी ओरडला. इंजिन चालू होतं. मला ऐकू आलं ते असं, "आप्पा, मास्तर आले वो!" सहा वर्षांनी मास्तर येणार म्हणून मी घरी जाऊन धुतलेला सदरा घातला, साखर आणून ठेवली आणि दिवस मावळेपर्यंत दारात बसलो. दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर भेटला. "आवं, आले न्हाई, गेले म्हणालो मी. परवाच माती झाली." देवदान मास्तर गेल्याची बातमी मी अशी ऐकली... कुणी हसू नये. मी माझ्या कानाबद्दलच लिहायला बसलोय. चौथी नापास माणूस आहे, शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघून घ्यावं, पण मजकूर बदलू नये.

मास्तर शाळेतले नव्हेत. दौंड स्टेशनात पार्सल क्लार्क होते आणि रेल्वे कॉलनीतल्या चर्चात गाणाऱ्यांना शिकवायचे, म्हणून मास्तर. मी राहू गावचा, बौद्ध, रेल्वेच्या यार्डात चाकं तपासायला. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन वाकायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं, फुटकं बद्द वाजतं. पण नुकतीच केसाएवढी चीर गेलेलं चाक फसवतं. ते खणखणीतच वाजतं, फक्त त्याच्यावर एक बारीक कुरकुर असते. ती ज्याला ऐकू येते तो खरा. मला यायची. 'हे कान सरकारी हायेत,' असं मी चारचौघांत सांगायचो. एकदा मास्तर पार्सलच्या काट्यापाशी उभे राहून माझे ठोके ऐकत होते. म्हणाले, "किसनराव, गाडी तपासताय का पेटीचे सूर लावताय?" मी म्हणालो, "तुम्ही आंब्याच्या करंड्या मोजा." अशी ओळख झाली.

तेव्हा चर्चच्या मंडळींच्या गाण्याची स्पर्धा असायची. गावोगावची मंडळी टेपवर गाणं भरून पाठवायची आणि पारख मास्तर करायचे. गाणी इकडची नव्हेत. तीनशे वर्षांमागं जर्मनी-इटलीत देवासाठी रचलेली. त्याला बरोक म्हणतात, मी बरेच दिवस बराक समजत होतो. चार तऱ्हेचे आवाज, प्रत्येक आपल्या रुळावर, मधूनच दुसऱ्याचा रूळ ओलांडणारा, आणि शेवटी सगळे एका फलाटाला लागणार. मास्तर प्रत्येक टेप तीनदा लावायचे. आधी डोळे मिटून, मग सुरांचा कागद धरून, मग मला शेजारी बसवून. मला शब्द कळत नव्हते आणि तो देव माझा नव्हता, म्हणून मला नुसता आवाज ऐकू यायचा, आणि त्यांना तेच पाहिजे होतं. एका टेपला मास्तर रडले. मी म्हणालो, "हे गात न्हाईत, देवाला मस्का लावत्यात. मधला जाडा आवाज बद्द हाय, त्यो झाकाया बाकीचे हेल काढत्यात." त्यांनी पुन्हा लावली, डोळे पुसले आणि गुण कमी केले. "माझं रडणं वाया घालवलंत," म्हणाले.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, एक टेप संपल्यावर त्यांनी विचारलं, "शेवट कसा झाला?" मी म्हणालो, "झ्याक. समदे एकदम थांबले." मास्तर उठले. टेप मागं घेतली, पुन्हा लावली. "आता?" "थांबले म्हणून सांगतोय न्हवं!" दारात त्यांची मुलगी रूथ लसूण सोलत होती. ती म्हणाली, "बाबा, ती बाई अजून गातीय की." चकती फिरत होती. बाप-लेक दोघंही काहीतरी ऐकत होते... आणि माझ्यासाठी खोली रिकामी होती. बाईचा तो उंच, बारीक आवाज मला येत नव्हता, आणि चाकाची कुरकुरही तशीच बारीक.

मास्तर म्हणाले, "यार्डाच्या साहेबांना सांगा. आठ दिवस थांबतो, नाहीतर मी सांगेन." मी म्हणालो, "सांगा! आन् मग तुम्हीच या हातोडी घेऊन." ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ठोका मारला की खण्ण व्हायचं, पण ते मला ऐकू येतंय का नुसतं आठवतंय, हेच कळेना. गाडी सुटली की पुढच्या स्टेशनला पोचल्याची खबर येईपर्यंत मी नळाखाली उगाच हात धूत उभा राहायचो. आणि मास्तर, ड्यूटी असो नसो, रोज माझ्या मागून गाडीच्या कडेनं चालायचे.

सहाव्या दिवशी पुण्याकडं जाणारी पॅसेंजर. तिसऱ्या डब्याशी त्यांनी हात वर केला. "हे पुन्हा मारा." मारलं. खणखणीत. "कुरकुरतंय, किसनराव." "तुमच्या टेपात कुरकुरतंय!" असं म्हणून मी गाडी पास केली. गार्डाची शिट्टी झाली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक बाई लेकराला केळं सोलून देत होती. ती माझ्यासमोरून गेली, आणि मी पळालो. इतका आयुष्यात कधी पळालो नाही. साहेबांच्या टेबलाला धरून म्हणालो, "गाडी थांबवा. चाक खराब हाय." साहेब म्हणाले, "आत्ताच तर पास केलीस ना?" "मला ऐकू येत न्हाई, साहेब."

गाडी पाटसला थांबवली. चीर निघाली, बोटाएवढी. माझी हातोडी काढून घेतली आणि मला पाण्याची पिंपं भरायला टाकलं. त्यानंतर मी मास्तरांशी बोललो नाही. ते समोरून आले की मी मान फिरवायचो. रिटायर होऊन ते शिरूरला राहायला गेले, तेव्हा फलाटावर असूनही मी निरोप दिला नाही. राग चाक पकडल्याचा नव्हता. ते दिसले की एकच प्रश्न पोटात उठायचा... माझा कान नक्की कधी गेला? त्या दिवाळीत, का त्याच्या वर्षभर आधी? तोवर किती चाकं मी पास केली? हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यालाच विचारायची मला भीती वाटत होती.

बातमी कळल्यावर शिरूरला गेलो. रूथ आता शाळेत शिकवते. तिनं टेपांचे डबे काढून दाखवले. प्रत्येक डब्यावर मास्तरांनी माझं मत पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. एकावर होतं, 'वरच्या आवाजाबद्दल किसनराव काही बोलले नाहीत.' तारीख त्याच वर्षीच्या होळीच्या आधीची. म्हणजे मला कळायच्या आठ महिने आधीच त्यांना शंका आलेली. रूथ म्हणाली, "आप्पा, त्या वर्षी बाबा डबासुद्धा नीट खायचे नाहीत. ड्यूटीत असले आणि गाडी आली की हातातलं टाकून यार्डाकडं जायचे. लांबूनच ऐकतो म्हणायचे."

ड्यूटीत असले तर. त्यांची आणि माझी ड्यूटी रोज जुळायची नाही. आणि शंका आली ती त्या टेपला, त्याच्याआधीचं काय?

रूथनं विचारलं, "आधीचे डबे बघायचे का? नसेल बघायचं तर राहू दे." मी म्हणालो, "लाव."

आता दर रविवारी मी शिरूरला जातो. एका वेळी एकच डबा, मागं मागं, वरच्या आवाजाबद्दल मी काही बोललेला डबा सापडेपर्यंत. मास्तरांच्या खुर्चीत मी बसत नाही, खाली बसतो. टेप चालू होते, खालचे आवाज मला येतात, मग ते थांबतात आणि रूथ बोट वर करते. बोट वर आहे तोवर वरचा आवाज गातोय. मी त्या बोटाकडं बघत राहतो, आणि ते खाली आलं की विचारतो, "वाच, ह्या टेपला काय म्हणालो व्हतो मी?"