नेहमीचं माप

आमच्या बाबांना सगळे मास्तर म्हणतात. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, शिंपी आहेत. चौतीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच मशीनवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला झाकलंय. झाकलंय हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तेच त्यांचं खरं कसब. पोस्टमनचा उजवा खांदा पिशवीच्या ओझ्यानं खाली आला, तर बाबा त्या बाजूला जरा जाड गादी घालतात. टायपिस्ट बाईंची मान पुढे आली, तर कॉलर अशी बेततात की मान मागे गेल्यासारखी वाटावी. माणूस आरशात स्वतःला सरळ बघतो आणि खूश होऊन घरी जातो. मग डॉक्टरकडे कशाला जाईल?

पाववाल्याचंच बघा. एका रात्रीत त्याचा गुडघा सुजून लालबुंद झाला, हात लावला तर चटका बसावा इतका गरम, अंगात तापही होता. पँट चढेना म्हणून तो लंगडत कुठे आला, तर आमच्या दुकानात. बाबांनी शिवण उसवून तासाभरात तो पाय दोन इंच सैल करून दिला. दुसऱ्याच दिवशी पाववाल्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. सांध्यात पू झाला होता, आणखी उशीर झाला असता तर गुडघा कायमचा गेला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना सुनावलं. बाबांना मनापासून वाईट वाटलं. पण पँट मात्र झकास बसली होती, हे सांगायला ते विसरले नाहीत.

अशा माणसाला एक थोरली बहीण होती. होती म्हणजे आहे, चांगली ठणठणीत बोलती आहे. ती माझी आत्या. दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर एकटी राहते. बाबांना सुईत दोरा ओवायला तिनंच शिकवलं, आणि त्यानंतर त्यांनी केलेल्या कुठल्याही कामाला ती आजवर "ठीक आहे" यापलीकडे काही म्हणालेली नाही. गावच्या वाचनालयात ती तीस वर्षं ग्रंथपाल होती. पाच फूट चार इंच उंची, ताठ मान, आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक स्टुलाशिवाय काढायचं, हा तिचा अभिमान. "मोडेन पण वाकणार नाही" हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणते, मग विषय सरकारचा असो की नळाच्या गळतीचा.

आत्या आयुष्यभर बाबांनीच शिवलेले पायघोळ झगे वापरत आली. बाबांच्या मापांच्या अकरा वह्या आहेत. पहिल्या सात वह्यांत आत्याच्या नावापुढे नीट आकडे आहेत. पण नऊ वर्षांपूर्वी बाबा टेप घेऊन पुढे झाले, तेव्हा आत्यानं हात झटकला. मी काय आता वाढणार आहे का, असं तिनं विचारलं. बाबांनाही ते पटलं, कारण घरच्या माणसाचं माप डोक्यात असतं अशी त्यांची श्रद्धा. तेव्हापासून वहीत आत्याच्या नावापुढे एकच शब्द आहे, "नेहमीचं".

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आत्यानं खिडकीतली कुंडी उचलली आणि तिच्या पाठीत चमक भरली. तीन आठवडे ती कुशीवर वळताना कण्हत होती. वय झालं की व्हायचंच, असं ती म्हणाली. बाबांनी आपल्या परीनं उपचार केला, म्हणजे कडक अस्तर घालून तिला एक पट्टा शिवून दिला, वर दोन सुंदर बकलं. पुढच्या वर्षी नुसती खोकली तर पुन्हा तीच कळ, पुन्हा तीन आठवडे. बाबांनी पट्ट्याला तिसरं बकल लावलं.

आणि मग झगे बिघडायला लागले.

पहिला झगा पुढून जमिनीला टेकला. आत्या म्हणाली, "धाकट्या, मला झाडू शिवलायस का?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, कारण तुरपाई मी करते. मी घातलेली घडी त्यांनी उसवून स्वतः घातली. दुसरा झगाही पुढून लोळला आणि मागून उचलला गेला. तेव्हा दोष कापडाला लागला. तिसऱ्याला टेपचा नंबर आला: कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, असं बाबांनी जाहीर केलं आणि एका महिन्यात तीन नव्या टेपा आणल्या. टेप आत्याच्या अंगाला लागलीच नव्हती, माप डोक्यातून घेतलेलं होतं, हे मी सांगून बघितलं. त्यावर मला काजं करायला बसवण्यात आलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आत्याचंही काही वेगळं नव्हतं. निवृत्तीनंतरही ती रोज वाचनालयात जायची; तिथल्या वरच्या फळीला तिचा हात पुरेना, तेव्हा सुतारानं फळ्या वर सरकवल्या असा तिचा आरोप होता. बिचारा सुतार दोनदा पट्टी घेऊन येऊन गेला. बहीणभाऊ दोघंही हट्टी, आणि दोघांच्या मते जगात फक्त त्या दोघांचंच माप पक्कं.

मग वाचनालयाला पन्नास वर्षं झाली आणि समारंभात आत्याचा सत्कार ठरला. बाबांनी गडद निळा झगा शिवला. दहा दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. टाळ्यांच्या गजरात आत्या मंचाच्या तीन पायऱ्या चढायला गेली, दुसऱ्या पायरीवर झग्याचा पुढचा काठ पायाखाली आला, आणि अध्यक्षांनी हात धरला नसता तर ती तोंडावर आपटली असती. तिनं स्वतःला सावरलं, माईकसमोर उभी राहिली आणि आभाराच्या भाषणात दोनशे माणसांदेखत म्हणाली, की पुस्तकांनी मला कधी तोंडघशी पाडलं नाही, भावानं मात्र आज तो प्रयत्न केला. लोक हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांचा चेहरा धुतलेल्या अस्तरासारखा पडला.

त्यानंतर अबोला. एकमेकांचं नाव काढलं तरी दोघं उठून जात. आणि महिन्याभरानं आत्या रस्त्यावरून गेली ती नव्या राखाडी झग्यात, आणि तो झगा तिच्या अंगावर असा बसला होता की बघत राहावं. तो बाबांनी शिवलेला नव्हता. तो चौकातल्या शिंप्यानं शिवला होता. बाबा त्याला "कालचं पोरगं" म्हणतात. कालचं पोरगं पन्नाशीला टेकलंय.

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते आत्याच्या इमारतीच्या मागच्या अंगणात गेले. राखाडी झगा दोरीवर वाळत होता. मी पहाऱ्याला उभी आणि हा साठीचा माणूस बहिणीच्या ओल्या झग्याला चोरून टेप लावतोय, असा तो देखावा होता. पुढची लांबी साडेएक्कावन्न. त्यांनी पुन्हा मोजली. त्यांच्या हिशेबानं ती चोपन्न हवी होती. मग मागची बाजू मोजली, तर ती त्यांच्यापेक्षा अर्धा इंच जास्तच. बाबा हसले. हा झगा माणसाचा नाही, कासवाचा आहे, म्हणाले. आणि हसता हसता थांबले. कारण कासवाचा झगा आत्याच्या अंगाला चपखल बसलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता.

घरी येऊन त्यांनी अकराच्या अकरा वह्या जमिनीवर मांडल्या. बाहीचं माप बघितलं: राखाडी झग्याची बाही आणि वहीतली बाही सारखीच. हात तेवढेच, पुढचं अंग आखूड, पाठीवर कापड जास्त. चौतीस वर्षं माणसांच्या पाठी बघितलेल्या शिंप्याला यापुढे कोणी समजावायची गरज नव्हती. परक्या गिऱ्हाइकात त्यांना हे पहिल्याच भेटीत दिसलं असतं.

त्याच पावली ते चौकातल्या दुकानात गेले. वीस वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. तो शिंपी बिचारा उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. बाबांनी विचारलं, माझ्या बहिणीचं माप तू कसं घेतलंस? तो म्हणाला, "जसं दिसलं तसं घेतलं, मास्तर. बाई पाठीतून बऱ्याच वाकल्यात. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." बाबा खुर्चीत न बसताच परत आले.

संध्याकाळी आम्ही आत्याच्या दारात. तिनं दार उघडलं आणि मला आत घेतलं. बाबांना घेतलं नाही. ते उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"ताई, टेप बरोबर होती. माझं चुकलं."

"चूक कबूल करायला चार झगे लागले तुला."

"ताई, तू पुढून अडीच इंच कमी झालीयेस. सुतारानं फळी हलवलेली नाही."

आत्यानं चष्मा काढून झग्याला पुसला. मग म्हणाली की पाठ रोज दुखते, रात्री उशी बदलून बदलून ती थकली आहे, पण सांगायचं कोणाला, तू परत बकल लावशील. ते ऐकून बाबा तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. दोघं इतकी वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांना "नेहमीचं" समजत होती.

हाडांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आत्याला उंची विचारली. पाच फूट चार इंच, आत्या ठणकावून म्हणाली. भिंतीवरच्या पट्टीनं पाच फूट पावणेदोन दाखवलं. पट्टी चुकीची लावली आहे, असं आत्यानं निदान केलं आणि साक्षीसाठी भावाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी दुसऱ्याच्या पट्टीला बरोबर म्हटलं.

मग एक्स-रे झाला. पाठीच्या कण्यातले तीन मणके पुढच्या बाजूनं दबून चपटे झाले होते. हाडं आतून विरळ झाली होती, म्हणून कुंडी उचलायचं आणि खोकल्याचं निमित्त पुरलं. आत्या सवयीनं म्हणाली की मी मोडेन पण वाकणार नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, दोन्ही झालंय. आता पुढचा मणका मोडू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे." 

बाबांनी सोबत वह्या नेल्या होत्या. डॉक्टरांना त्या फार आवडल्या. अशी नोंद कोणी आणत नाही, म्हणाल्या, आणि पानं उलटत आठव्या वहीपाशी आल्या. "आणि इथून पुढचं?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच वाचू लागल्या. नेहमीचं. नेहमीचं. नेहमीचं. बाबा आपल्या बोटातल्या अंगठीकडे बघत बसले.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. पन्नाशीनंतर उंची दीड इंचानं घटली, किंवा साधं काही उचलून पाठीत कळ आली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरली नाही, तर ते नुसतं वय नसतं, दाखवायचं असतं. पहिल्या चमकेला आला असतात तर कदाचित पुढचे मणके वाचले असते. आता औषध नियमित, कॅल्शियम, थोडं ऊन, रोज चालणं; वाकून वजन उचलायचं नाही, घरात पाय अडकेल असं काही ठेवायचं नाही. पाय बधिर पडले, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी यायचं, सकाळची वाट बघायची नाही. गेलेली उंची परत येणार नाही, राहिलेली टिकवायची. त्यासाठी दर तीन महिन्यांनी मोजत जा, असं त्यांनी बाबांना बजावलं. निघताना बाबांनी डॉक्टरांना त्यांच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, असं सांगितलंच. जित्याची खोड! पण लगेच पुढे म्हणाले, "गादी घालून देतो, पण आधी खांदा कोणाला तरी दाखवा."

आता दुकानात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण आहे. दर तीन महिन्यांनी आत्या चपला काढून तिथे पाठ लावून उभी राहते. बाबा स्टुलावर चढतात, तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरतात. त्या वेळी दुकानात कोणीही असो, मशीन बंद. पहिल्या खेपेला त्यांनी तीनदा मोजलं. तेवढीच भरली. तिनं पुन्हा मोजायला लावलं. तेवढीच.

काल तिसरी खेप झाली. मी वही उघडून बसले होते. बाबांनी खूण बघितली, खाली उतरले, आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. मी गमतीनं विचारलं, काय लिहू, नेहमीचं? त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं: पाच फूट पावणेदोन इंच. खाली तारीख घातली.

आत्या चष्मा लावून टेबलावरच्या वहीवर ओणवी होऊ लागली. "वाकू नकोस, ताई," म्हणत बाबांनी वही दोन्ही हातांत उचलली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. आत्यानं वाचनालयाचं कार्ड तपासावं तसा तो आकडा सावकाश तपासला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.