चिवड्याचे तीन ढीग

भाऊबीजेला धाकटी बहीण लांजीहून बालाघाटला आली ती दोन कामं घेऊन. एक ओवाळण्याचं. दुसरं, दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन वडिलांच्या वावरातला आपला वाटा आम्हा दोन भावांच्या नावे सोडण्याचं. आमच्याकडे बहिणी वाटा सोडतात, भाऊ साडीचोळी करतात आणि माहेरचं दार उघडं राहतं. हक्कसोडीचा कागद मीच तयार करून घेतला होता. वावराला लागून मोठा रस्ता होणार असल्याची कुणकुण मला बँकेत लागली होती. ती मात्र मी तिच्या कानावर घातली नव्हती.

ओवाळून झाल्यावर तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. तिच्याकडे एका कंपनीचे थोडे शेअर आहेत. ते कंपनीच परत विकत घ्यायला निघाली होती, तेही बाजारापेक्षा चढ्या भावाने.

"आपलेच शेअर वापस काहून घेऊन राह्यली रे दादा?"

बँकेत नोकरीला असल्यामुळे घरचा अर्थमंत्री मी. कोणी असं काही विचारलं की माझ्या अंगात मास्तर संचारतो. मी ताटलीतल्या चिवड्याचे तीन ढीग केले.

"हे तीन वाटेकरी. कंपनीपाशी पैसा पडून असला का ती एकाचा वाटा घेते आन् रद्द करून टाकते." मधला ढीग मी दोन्हीकडे सारला. "आता राह्यले दोघं. दोघायचाही वाटा वाढला."

"मंग देणाऱ्याचं का होते?"

"त्याले आज चार पैसे भेटते. पुढं किंमत वाढली तं त्याच्या हाती काही नाही. कंपनी आतली, तिले पुढचं दिसते. आपला शेअर सस्ता वाटला म्हणूनही घेते कधी कधी. तू देऊ नको."

बोलून गेलो आणि हात ताटलीवरच राहिला. आम्हीही तिघंच. कंपनी निदान भाव तरी जाहीर करते. मी साडी आणली होती, तीही बायकोला पसंत न पडलेली. मला स्वतःची लाज वाटली. तिने तेव्हा माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं, तर मी रस्त्याचं सांगून टाकलं असतं, असं मी अजून मनाला समजावतो.

ती चिवडा खात होती.

"तू म्हणतं तं नाही देत," ती म्हणाली. "मले यातलं काही समजत नाही. तू हाय म्हणून बरं हाय." तिने मोबाईल पर्समध्ये टाकला. "उद्या सही कराले कितीक वाजता जाचं हाय?"

"अकरा वाजता," मी म्हणालो.