शेरा : त्वचेचा आजार

पाटलीणबाईनं माझ्या हातातली पळी हिसकावली नाही. नातवाच्या हातातलं ताट हिसकावलं. त्यानं लापशीचं एकच बोट चाटलं होतं. बाईनं ताट पाराकडं नेलं आणि कुत्र्यापुढं पालथं घातलं. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. बाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"आदी तुह्या तोंडाचे फोड बघ. पू गळायलाय, अन् लेकरायला वाढायलीस?"

बाकीच्या बाया उठल्या. आपापलं लेकरू काखेला मारलं आणि चालत्या झाल्या. घडीभरात खोली रिकामी. पातेलं भरलेलं, आणि मी हातात पळी घेऊन उभी. आमच्या वस्तीतली पाच लेकरं तेवढी भिंतीला टेकून खात होती. त्यांना माझ्या तोंडाचं भ्या वाटलं नाही. हे मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही.

मी अंगणवाडीची सेविका. चुडावा स्टेशनापासून दोन कोसावर आमचं गाव. मारुतीच्या पाराजवळच्या खोलीत अंगणवाडी भरायची. घरात मी आणि माय. नवऱ्यानं टाकलेली बाई मी. मायचे गुडघे गेलेले, तिच्यानं रोजानं जाणं होत नव्हतं. नोकरी गेली तर चूल बंद. आणि आमच्या वरच्या बाई, पर्यवेक्षिका, त्यांनी आधीच बजावलं होतं, "पटावरची मुलं आली नाहीत तर केंद्र दुसऱ्या गावाला जाईल."

फोड मला वयात आल्यापासून. गाल, हनुवटी, कपाळ. लाल, टणक, टोकाला पिवळे. हात लावला तरी कळ यायची.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईनं बोलावलं. अंगणात उभं केलं. आवाज एकदम गोड.

"मी काय तुह्या पोटावर पाय देईन का गं? तोंड बरं होऊ दे. तोवर सखू रांधंल, सखूच वाढंल. तू दारात बसून लिवत जाय."

सखूबाई म्हणजे आमची मदतनीस. पाटलाच्याच भावकीतली. मी मान हलवली. नुसती हलवली नाही, बाईचे उपकार मानले!

का मानले तेही सांगते. विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिलं पेटलं त्या वर्षी ह्याच गावानं आमच्या वस्तीचं दळण बंद केलं होतं, किराणा बंद केला होता. तेव्हा सगळं जातीचं नाव घेऊन, तोंडावर. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली होती. बाईनं जातीचा शब्दसुद्धा काढला नाही. मला वाटलं, बदललं गाव. फोडाचीच अडचण आहे ना? फोड घालवू.

माय म्हणाली, "नाव घेतलं न्हाई म्हून खूश व्हायलीस? मला त्याचंच भ्या वाटायलंय."

मी मायवर वरडले. तुला सगळीकडं तेच दिसतं म्हणलं.

महिन्याच्या अहवालात शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं : 'सेविकेस त्वचेचा आजार असल्याने वाढप मदतनिसाकडे.' मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. माझ्याच हातानं, वळणदार अक्षरात लिहिलं. त्या ओळीची लाज मला अजून वाटते.

मग परभणी. चमडीच्या डॉक्टरनं एक ट्यूब लिहून दिली. म्हणाले, "हरभऱ्याच्या डाळीएवढं घ्यायचं. रात्री, कोरड्या तोंडाला. उन्हात तोंड झाकायचं. आधी साल निघेल, वाढल्यासारखं वाटेल. तीन महिने धीर धरा."

धीर कुठून आणू? दारात पोतं टाकून बसत होते मी. आत सखूबाई वाढायची, आणि लेकरं मला ओलांडून आत जायची. अंगणवाडीची बाई अंगणवाडीच्या बाहेर. मी दुप्पट लावलं. लवकर जाईल म्हणून. आठ दिवसांत तोंड भाजल्यासारखं झालं. सालपटं निघाली, खाली लाल मांस. हसलं की ओठाची कड फुटायची. पाणी लागलं की जीव जायचा. बाया पाण्याला जाताना म्हणायच्या, "रोग पसरायलाय." आगीतून उठून फुफाट्यात पडले. माय विझलेल्या चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत राहायची.

डॉक्टर रागावले. थोडे दिवस बंद ठेवायला लावलं, मग डाळीएवढंच. चौथ्या महिन्यात तोंड निवळलं. डाग होते, पण फोड नव्हते. मी आरशापुढं गालावरून हात फिरवला आणि रडले. खोटं कशाला बोलू, आनंदानं रडले.

सकाळी धुतलेलं लुगडं नेसले, आत गेले आणि पळी हातात घेतली. सखूबाई पळतच सुटली. पाटलीणबाई आली. उंबऱ्याबाहेर थांबली.

"उजेडात ये. हनुवटी वर कर. हां, आता हिकडून."

मी वळले. ताडकळसच्या बाजारात जनावर बघतात तसं तिनं मला बघितलं. हात न लावता.

"झालंय खरं. पर औषीद सोडलं की परत येतंय म्हणं. किती दिवस टिकतंय ते इचारून ये. पक्कं झालं म्हंजी बघू."

मी पळी खाली ठेवली. परत ठेवली! आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मला तर कुणाचे पाय धरावे तेच कळत नव्हतं.

डॉक्टरला म्हणलं, "साहेब, हे किती दिवस टिकतंय?"

"लावताय तोवर टिकतं. सोडलंत की हळूहळू परत. कुणाला दोन महिन्यांत, कुणाला सहा. पुढं एक दिवसाआड लावलं तरी चालेल, पण चालू ठेवावं लागेल."

मी त्यांच्या टेबलापाशी खाली बसले. पायाला हात लावला. "साहेब, कायमचं गेलं असं लिहून द्या. तुमच्या सहीनं. न्हाई तर माझी नोकरी जाती."

त्यांनी मला उठवलं. खुर्चीवर बसवलं. सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे फोड कुणाला लागत नसतात. आज लागत नाहीत आणि पहिल्या दिवशीही लागत नव्हते. कायमचं गेलं असं मी लिहिणार नाही. हे लिहून देतो."

चिठ्ठी घेऊन गाडीत बसले. पिंगळी स्टेशन गेलं तरी तेच डोक्यात. पहिल्या दिवशीही लागत नव्हते. मग मी दारात बसले ती कशासाठी? उत्तर मला माहीत होतं. मायनं सांगून ठेवलं होतं. पण आशा लय वाईट. चुडाव्याला उतरून तशीच पाटलाच्या घराकडं गेले.

त्या दिवशी भंडारा होता. पाटलाच्या अंगणात पंगत बसलेली. पाटलीणबाईची धाकटी लेक वाढत होती. परभणीला कॉलेजात शिकायची ती, सुट्टीला आली होती. मी कुंपणाबाहेर थांबले आणि तिचं तोंड बघितलं. माझंच तोंड. गाल, हनुवटी, कपाळ. लाल, टणक, टोकाला पिवळे. हनुवटीवरचा एक फुटला होता. तिनं तो बोटानं पुसला आणि त्याच हातानं बुंदी वाढली. पाटलाच्या नातवाच्या ताटात वाढली. गावच्या बाया जेवत होत्या. कुणी ताट वढलं नाही. कुणी लेकरू काखेला मारलं नाही. उलट "ताई, आणखी घाल" म्हणत होत्या.

माझ्या मुठीत चिठ्ठी घामानं भिजली.

पंगत उठल्यावर पाटलीणबाईला मी दिसले. लगबगीनं आली.

"बरं झालं आलीस. ती ट्यूब हाय का तुह्याजवळ? ताईला बघायला पाव्हणे यायलेत. दे हिकडं. कसं लावायचं तेबी सांग."

ट्यूब पिशवीतच होती. मी काढली. अर्धी दाबलेली, तोंडाशी माझ्या बोटांचं वाळलेलं औषध. बाईनं ती माझ्या हातातून घेतली. तिच्या बोटाला माझं बोट लागलं. तिला कळलंसुद्धा नाही. गरज होती ना!

मी म्हणलं, "बाई, ताईच्या तोंडाला बी फोड हायत. तिनं आत्ता पंगतीला वाढलं."

बाईनं डोळे बारीक केले. "ती आमची लेक हाय."

एवढंच. चार शब्द. चार महिने सालपटं काढून मी जे ऐकायचं टाळत होते, ते तिनं चार शब्दांत सांगितलं. मी हात पुढं केला आणि तिच्या मुठीतून ट्यूब काढून घेतली.

"माझं बोट लागलेली ट्यूब चालती, अन् लापशी चालत न्हाई? मंग ट्यूब बी न्हाई."

पोरगी मागं उभी होती. तिला म्हणलं, "ताई, दुसऱ्याचं औषीद लावू नको. डॉक्टरला दाखीव." तिनं खाली बघितलं. चिठ्ठी मी दाखवलीच नाही. निरोगी असल्याचा दाखला मी कामून देऊ?

दुसऱ्या दिवशी मी रांधलं आणि मीच वाढलं. सखूबाई म्हणाली, "बाई काय म्हणतील?" मी म्हणलं, "तू लेकरं बोलवून आण. बाईचं मी बघते." गावातलं एकही आलं नाही. वस्तीतली पाच आली. पातेल्यात लापशीचा गोळा झाला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. महिनाअखेर मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'सेविकेच्या जातीमुळे पालक मुलांना पाठवत नाहीत. सेविकेस कोणताही संसर्गजन्य आजार नाही व कधीही नव्हता.'

ट्यूब संपली. नवी आणली नाही. चांगलं दिसावं असं मलाही वाटत होतं. पण ते तोंड मी त्यांच्यासाठी केलं होतं. ठेवायची इच्छा राहिली नाही. डॉक्टर खरं बोलले होते. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर पहिला फोड आला, मग गालावर, मग सगळे.

तेव्हाच पर्यवेक्षिका आल्या. अहवाल उघडला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आता तर खरंच फोड आहेत. तुमचा पहिला शेरा बरा होता. हा खोडा, तोच लिहा. नाहीतर केंद्र हलेल, मला काही करता येणार नाही."

घरी माय होती. रिकामा डबा होता. सगळं डोळ्यापुढं आलं. मी पेन त्यांच्यापुढं ठेवलं.

"बाई, तुमी खोडा. तुमच्या हातानं, अन् खाली तुमची सही करा. मी खोडणार न्हाई."