आत्याच्या गोष्टीचा शेवट

माझी आत्या कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. फाटलेलं, उसवलेलं, आखूड झालेलं तेवढं तिच्याकडे येतं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री आणि दोऱ्याच्या रिळांनी भरलेला बिस्किटांचा डबा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनच्याच फळीवर कागद ठेवून ती आमच्या चर्चच्या मासिकासाठी गोष्टी लिहिते. तिच्या गोष्टीत दारुडा दुसऱ्या पानावर दारू सोडतो, पळून गेलेला मुलगा तिसऱ्या पानावर परत येतो आणि शेवटी सगळे गुडघे टेकून रडतात. मंडळीत या गोष्टींचे पुष्कळ चाहते आहेत. मी त्यातली नाही. मासिकाची पानं मी लावते, म्हणून मला त्या वाचाव्या लागतात, एवढंच.

एकदा मी तिला चिडवलंच. म्हटलं, "आत्या, तुझ्या गोष्टीतल्या माणसांना साधी सर्दीसुद्धा होत नाही गं."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग एक दिवस माझ्यासमोर कागद आपटून म्हणाली, "घे, ही तुझी सर्दी." गोष्ट बायकोला मारणाऱ्या एका प्रतिष्ठित दुकानदाराची होती. मी ती दोनदा वाचली. आत्याला असं लिहिता येतं, हाच मला धक्का होता. खरा धक्का पुढे बसायचा होता, आणि त्यातून मी अजून सावरलेली नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. मासिकात छापायचं ते आधी बुधवारच्या महिला सभेत मोठ्याने वाचायचं. ज्या मजकुराला कुणी हात वर करील तो गाळायचा. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. चर्चच्या धर्मगुरूंना, म्हणजे पाळकसाहेबांनाही, त्यात तोंड घालता येत नाही. या रीतीवर माझा पहिल्यापासून राग. इतकी कात्री लागून लागून मासिक असं गुळमुळीत झालं होतं, की ते वाचून कुणाचं भलं होणार नाही आणि वाईटही होणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्या बुधवारी आत्या चष्मा पुसून वाचायला उभी राहिली. नवऱ्याने दाराला कडी लावली, पाळकसाहेबांच्या बायकोचा, पाळकबाईंचा, हात वर. बायकोच्या ओठातून रक्त आलं, आणखी दोन हात वर. मी पेन्सिलीने वाक्यं खोडत होते आणि मनातल्या मनात धुमसत होते.

शेवटी पाळकबाईंना राहवलं नाही. "अहो, हे मासिक घराघरात जातं, मुलं वाचतात. ख्रिस्ती माणसाच्या लेखणीने उजेड दाखवावा. हा अंधार कशाला?"

"बायबलात भावाने भावाचा जीव घेतला, ते आपण रविवारच्या शाळेत चित्रासकट शिकवतोच की," आत्या म्हणाली. "आणि घाबरू नका. अंधार मी बेताचाच ठेवलाय. शेवटी तो सुधारतो."

"सुधारतो ना? मग ठीक," पाळकबाई म्हणाल्या.

आत्याने पुढचं वाक्य वाचलं. "संतापाच्या भरात त्याने तिला मारलं."

खिडकीजवळून एक हात वर झाला. हात वहिनीचा होता. वहिनी म्हणजे चर्चचा गायकवृंद बसवणाऱ्या आमच्या कॉयरमास्तरांची बायको. सगळी मंडळी तिला वहिनीच म्हणते. दर रविवारी वेदीवरची फुलं तीच लावते. इतक्या वर्षांत तिने कुठल्याच मजकुराला हात वर केला नव्हता. मी वाक्यावर पेन्सिल टेकवली.

"खोडू नका," ती म्हणाली. "फक्त चुकलंय. संतापाच्या भरात नसतं ते. आधी घड्याळ काढतात. काच फुटू नये म्हणून कपाटावर ठेवतात. मग बाह्या नीट दुमडतात. मग मारतात."

कुणाला काही कळेना. पाळकबाईंनीच विचारलं, "कोण मारतं?"

"आमचे हे."

कॉयरमास्तर! ज्यांचा आवाज चढला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते. मागच्याच रविवारी त्यांनी मला हसून विचारलं होतं, आत्याची तब्येत कशी आहे म्हणून. मी वहिनीकडे बघत राहिले आणि मला तिचं तोंड कधी नीट पाहिल्याचंच आठवेना. फुलं तेवढी आठवत होती.

मागच्या रांगेतून कुणीतरी चाचरत म्हणालं, "शेवट वाचा ना. शेवटी सुधारतो म्हणालात."

त्या बाईचाही दोष नाही. आम्हा सगळ्यांनाच त्या क्षणी शेवट हवा होता. आत्याने वाचला. दुकानदार बायकोच्या पायाशी बसतो, ढसाढसा रडतो, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि दोघं मिळून प्रार्थना करतात.

"हे मात्र बरोबर लिहिलंय," वहिनी म्हणाली. "अगदी असंच होतं. रडतात, पाय धरतात, आम्ही प्रार्थना करतो. मग थोड्या दिवसांनी पुन्हा घड्याळ काढतात." ती आत्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुमची एकही गोष्ट मी चुकवलेली नाही. दर वेळी वाटायचं, सगळ्यांचं शेवटच्या पानावर नीट होतं, आपलं शेवटचं पान अजून आलेलं नाही. म्हणून थांबले मी."

आत्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता. ती वहिनीच्या खांद्याकडे बघत होती. तिथे बाही जोडलेली होती, बारीक, सुबक टाक्यांनी.

"ही शिवण माझी आहे," आत्या म्हणाली. "दाराच्या कडीला अडकली म्हणालीस." वहिनीला ती नेहमी अहोजाहो करायची. एकेरी हाक तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"हो. असंच म्हणाले होते मी."

"आणि मी हसून म्हटलं, जरा बघून चालत जा."

मग आत्याने स्वतःचा हात वर केला. लिहिणाऱ्यानेच हात वर करायचा, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. "शेवटचा परिच्छेद गाळ," ती मला म्हणाली. मी गाळला.

"अहो, पण मग गोष्टीला शेवटच राहत नाही," पाळकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही आता पहिल्यासारखा नव्हता. "ती बाई पुढे काय करते?"

आत्याने कागद माझ्या हातात कोंबले. ती खिडकीपाशी गेली आणि वहिनीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"घरी बॅग आहे का तुझ्याकडे? की माझी देऊ?"

वहिनी आपल्या बाहीच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. आता ती नाही म्हणणार, असं मला वाटलं.

"आज त्यांच्या कॉयरचा सराव आहे," ती म्हणाली. "दिवेलागणीपर्यंत घरी कुणी नसतं."

पाळकबाई उठल्या. त्यांनी पर्समधून गाडीची चावी काढली आणि म्हणाल्या, "चला."